कंदाचं डोकं

भीमाबाई हिलमने धुतलेल्या बाटलीत कधी बुरशी धरली नाही, हे पनवेलच्या त्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नसेल त्याला भीमाबाई स्वतः सांगायची. कोन गावापलीकडच्या कातकरी वाडीतली ही बाई आधी वीटभट्टीवर होती. ब्याण्णव साली तिला इथे बाटल्या धुवायचं काम लागलं. बाटलीत खिरीसारखं घट्ट खाद्य ओतायचं, त्यावर झाडाचा तांदळाएवढा कोंब ठेवायचा आणि काचेतच रोप वाढवायचं, असा तिथला उद्योग. बाटलीत जरा घाण राहिली की महिन्यांची मेहनत वाया जाई. तेव्हा भीमाबाईचा तोरा चालवून घेतला जायचा, आणि खरं सांगायचं तर तो तिला शोभायचाही.

सुनिता मॅडम तिथल्या शास्त्रज्ञ. डोंगरातल्या कंदांच्या जाती जपण्याचं काम त्यांच्याकडे होतं. धान्यासारखं कंदांचं बी डब्यात भरून ठेवता येत नाही, कोंबच जपावा लागतो. म्हणून कोंबाचं टोक कापून, सुकवून, द्रवरूप नायट्रोजनच्या वाफाळणाऱ्या टाकीत इतक्या थंडीत ठेवायचं की त्याची वाढ जागच्या जागी थांबेल. मॅडमकडे सतरा जाती जमल्या होत्या. भीमाबाईने त्या निरखून पाहिल्या आणि मुख्य कंदच यात नाही, असा निकाल दिला. तिच्या आईचा गोडा कंद. बाकीच्यांसारखं याला कडूपणा काढायला राखेत उकडावं लागत नाही. तो फक्त वाडीवरच्या उतारावर होतो, आणि तो उतार आता खडीच्या खाणीला गेला होता. मी आणून देते, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली.

दिवाळीनंतर वेल सुकले तसे तिने त्या उतारावर सापडले तेवढे पाच कंद टेबलावर मांडले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मॅडमनी एकेक कंद उलटासुलटा केला आणि त्यांचा चेहरा उतरला. पाचही कंदांची डोकी, म्हणजे वेलाला जोडलेली वरची टोकं, कापलेली. खात्रीचा कोंब फुटतो तो डोक्यालाच.

तिच्या वाडीची रीतच ती. कंद काढला की डोकं कापून त्याच खड्ड्यात ठेवायचं आणि पायाने माती दाबायची. डोकं घरी नेलं तर पुढच्या वर्षी डोंगर खायला देत नाही. चाळीस वर्षांची सवय, हातांनी तिला न विचारताच काम उरकलं होतं. नेमकं हवं तेच ती मायेने पुरून आली होती. दुसऱ्यांच्या बाटल्यांना नावं ठेवणाऱ्या भीमाबाईला त्या दिवशी वर बघवेना.

त्याच दुपारी दोघी जीपने गेल्या. खाणीच्या यंत्राने अर्धा उतार खरवडून टाकला होता. चार वाजता सुरुंग लावायचे आहेत, कोणी वर जायचं नाही, असं मुकादम बजावत होता. मॅडम त्याच्याशी वाद घालत राहिल्या आणि भीमाबाई केव्हाच वर पोचली. तीन खड्डे ढिगाऱ्याखाली गेले होते. चौथ्यातलं डोकं दगडाने चेचलं होतं. पाचवा कुड्याच्या झुडपाखाली. तिथली माती तिने हातांनी उकरली, आणि मुठीएवढं डोकं अख्खं निघालं. ते पदरात बांधून ती खाली आली.

“घ्या,” ती जीपमध्ये म्हणाली. “पन एक सांगते. पुना कंद झाला का याचा डोका मातीत गेला पायजे.”

मॅडमनी मान डोलावली.

कोंब फुटले, बाटल्यांत रोपं वाढली, बारा टोकं टाकीत गेली. त्या बाटल्यांना भीमाबाईने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पण चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळला, चार दिवस थंड हवा बंद, आणि वाढत्या रोपांची भाजी झाली. तोवर डोंगरही संपला होता. उरली ती बारा टोकं, कारण त्या टाकीला वीज लागत नाही. मॅडमनी ती बाहेर काढली. अकरा काळी पडली. बाराव्यावर तिसऱ्या आठवड्यात हिरवा ठिपका आला, तो भीमाबाईला आधी दिसला, आणि तिने सगळ्या खोल्या फिरून प्रत्येकाला ओढत आणून दाखवला.

शहाण्णवच्या थंडीत त्या रोपाचा पहिला कंद प्रयोगशाळेच्या आवारात खणून काढला. जात तीच आहे, कागदावर सगळं जुळतंय, असं मॅडम म्हणाल्या. कागद भीमाबाईला कुठे पटायला. तिने डोकं कापून बाजूला ठेवलं, एक फोड राखेशिवाय उकडली आणि तोंडात टाकली. सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिने सावकाश चावून गिळलं.

“माज्या आयचाच हाय,” ती म्हणाली, आणि इतकी ताठ बाई सगळ्यांदेखत रडली.

मग ती डोकं घ्यायला वळली, तर ते जागेवर नव्हतं. सुनिता मॅडमनी ते खड्ड्यात ठेवलं होतं आणि त्या चपला काढून पायाने माती दाबत होत्या.