बावीस वर्षांचं आत्मचरित्र आणि उडदाचे पापड

माझं आत्मचरित्र गेली नऊ वर्षं चालू आहे आणि त्यात अजून माझा जन्म झालेला नाही. आजोबांनी शहाद्याजवळ शेत कसं घेतलं, इथपर्यंत मी पोचलोय. (घाईघाईत साहित्य होत नाही, असं मी मराठी शिकवताना पोरांना तीस वर्षं बजावत आलो.) त्यामुळे पुण्याच्या एका प्रकाशकाने आत्मचरित्र मागायला आमच्या घरी फोन केला, तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्याने फोन निकिताला द्यायला सांगितला तेव्हा!

निकिता माझी मुलगी. वय वर्षं बावीस. ती मोबाइलवर अहिराणीत विनोदी व्हिडिओ करते आणि नंदुरबारपासून सुरतेपर्यंत लोक तिला रस्त्यात थांबवून फोटो काढतात. (फोटो काढायला मोबाइल माझ्या हातात देतात.)

"बावीस वर्षांत माणूस जगणार काय आणि लिहिणार काय?" मी कडाडलो. "आधी आयुष्य काढा, मग पुस्तकं काढा!"

"नाना, माले लिखनंच शे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, नजरही हलवली नाही. हट्ट अगदी माझाच! तिचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण मी एकदा ठरवलं की ठरवलं.

पुस्तक शुद्ध मराठीत हवं होतं आणि शुद्ध मराठी घरात फक्त मला येतं. म्हणून मी अट घातली. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे उडदाचे पापड होते. गल्लीतल्या बायका येणार होत्या, त्यांनी निकिताला जन्मापासून पाहिलेलं. त्यांनी तिच्या आयुष्यातले प्रसंग सांगायचे, मी वहीत टिपायचे. संध्याकाळपर्यंत वही भरली, तर अख्खं पुस्तक मी लिहून देईन. नाही भरली, तर तिने प्रकाशकाला नाही म्हणायचं.

"मंजूर शे!" निकिता म्हणाली.

आमच्याकडे पापड म्हणजे आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी, आणि त्या दिवशी घरातले पुरुष सकाळीच शेताकडे पळतात. मी पळालो नाही. पोळपाटांच्या मधोमध वही उघडून बसलो.

"गुरुजी, तुमी आठे कसाले?" शेजारच्या जमनाकाकूंनी विचारलं.

"निकिताच्या आयुष्यातला एखादा महत्त्वाचा प्रसंग सांगा."

सगळी लाटणी थांबली. (जिंकलो, असं मला वाटलं!)

"विसरवाडी गावनं सांगू का?" काकू म्हणाल्या. "पोर तीन वरीसनी व्हती. गुरुजी तिले बसम्हाईन खाले ली गयात, चहा पिनात, अन दुसरानीच पोर कडेवर ली उनात!"

"दोघींच्या कानटोप्या सारख्या होत्या!" मी म्हणालो.

"ती पोर रडे, तं निकिताना नाना म्हनतस, भूक लागनी व्हई!" माझी बायको मंगल लाटी गोल करत म्हणाली. "मी सांगं, अहो, हाई आपली नई शे! ते मालेच म्हनतस, नीट देख!"

मी प्रामाणिकपणे लिहून घेतलं. तीन पानं गेली.

"अन खापर गावनी सायकल?" मंगलच्या जाऊबाई शोभा म्हणाल्या. "पोरना पाचवीम्हा पहिला नंबर उना, तिले सायकल लेवाले खापरना बाजारले गयात, अन बकरी ली उनात!"

"सायकल मिळाली नाही! आणि रिकाम्या हाताने परत येणं मला पटत नाही!" मी ठणकावलं. (त्या बकरीची नात बाहेर अंगणात बांधलेली होती. ती ओरडली.)

मग काय, बायका सुटल्याच! निकिताच्या शाळेत बक्षीस समारंभाला मी दुसऱ्याच मुलीसाठी उभा राहून टाळ्या वाजवल्या. निकिता ज्या व्हिडिओने प्रसिद्ध झाली, त्यात मी पाण्याची टाकी धुवायला उतरून आत अडकलो आणि मला बाहेर कसं काढायचं याच्या सूचना आतूनच तिला देत होतो. दुपारपर्यंत वहीची दोनच पानं उरली. मी मागची पानं चाळली, तर प्रत्येक पानावर नाना, नाना आणि नाना! मला दरदरून घाम फुटला. चर्चा थांबवायला हवी होती. मी ताडकन उठलो आणि पंखा लावला. पाचवर!

पापडांच्या खोलीत पंखा लावायचा नसतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. सकाळचे पापड खाटांवर सुकून हलके झाले होते. ते एकदम उठले!

"पंखा बंद करा!" बायका किंचाळल्या.

"आधी पापड धरतो!" मी गरजलो आणि झेप घेतली. पाय तेलाच्या वाटीत पडला, मी उडदाच्या पिठाच्या परातीत बसलो, आणि पापड दारातून अंगणात गेले. बकरीच्या नातीने पोटभर खाल्ले. निकिताने हे सगळं मोबाइलवर घेतलं, मग शांतपणे माझ्या हातातली वही काढून उरलेली दोन पानं लिहिली.

"नाना, वही भरनी," ती म्हणाली.

दिलेला शब्द मी पाळतो. दोन महिने बसून सगळं पुस्तक शुद्ध मराठीत लिहून काढलं. विसरवाडीच्या प्रकरणात तिने एक ओळ घातली होती, 'मी रडले नाही, कारण नाना परत येणार हे मला माहीत होतं.' तिथे मी पेन खाली ठेवला आणि डोळे पुसले.

परवा प्रकाशकाचा फोन आला. निकिताने स्पीकर लावला. मी कॉलर नीट केली.

"पुस्तक आम्ही काढतोय," तो म्हणाला. "फक्त तुमच्या वडिलांचे प्रसंग निम्मे करा. बावीस वर्षांत एका माणसाच्या हातून एवढे घोटाळे, वाचकांना पटायचं नाही."

"ऐकलंस?" मी निकितावर ओरडलो. "मी पहिल्यापासून काय सांगत होतो? बावीस वर्षं कमीच पडतात!"