मालूकाकूंच्या तोंडी घातलेलं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय—आणि बघा, पहिल्याच ओळीला हात आखडतोय. थोडं इकडचं तिकडचं बोलू द्या. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, आणि या बाबतीत तर फारच लागला.

सहली आखणं हे माझं वेड. आम्ही तेव्हा खडकीला, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. नवरे कामावर, मुलं शाळेत, आणि आम्ही बायकांनी भिशी लावलेली. भिशी आपली नावाला. खरं काम एकच, वर्षातून एकदा नवरे-पोरं घरी ठेवून दोन-तीन दिवस कुठेतरी जायचं. कुठे जायचं, कुठल्या घाटानं, कुणाकडे उतरायचं, सकाळचा चहा किती वाजता—सगळं माझ्याकडे. ड्रायव्हरसुद्धा गाडी थांबवू का म्हणून मला विचारायचा. हसू नका. जिला घरात दूधवाल्याशिवाय कुणी काही विचारत नाही, तिला असा मान मिळाला की तो डोक्यात जातो. माझ्या गेला होता.

शमीम मुकादम आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये. तिचे मिस्टर आणि माझे एकाच खात्यात. मुलं एका वयाची, तापसुद्धा एकाच आठवड्यात यायचा. तिची हळद संपली की माझा डबा उघडायची, माझं वाटण राहिलं की मी तिचा मिक्सर उचलून आणायची. मैत्री म्हणतात ती हीच असावी. मला तेव्हा हा शब्द वापरायची गरज वाटली नव्हती.

एकदा तिचा भाचा पुण्यात कॉलेजला आला. त्याच्यासाठी खोली बघायला आम्ही दोघी त्याच्याबरोबर शनिवार पेठेत गेलो. मालक फोनवर हो म्हणाले होते. दारात मुलाचं नाव ऐकलं आणि म्हणाले, खोली कालच गेली. मागे खोली दिसत होती, रिकामी, लख्ख झाडलेली. मी म्हटलं, "अहो, काल गेलेली खोली आज झाडून कशाला ठेवलीत?" त्यांनी दार लावून घेतलं. येताना मंडईत शमीमनं पेरू घेतले, मालकांची नक्कल करून मला हसवलं, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. तू होतीस म्हणून बरं, असं म्हणाली. हे मी माझी पाठ थोपटायला सांगत नाही. उलटंच आहे. त्या दिवशी मला एक गोष्ट कळली होती आणि ती मी पुढे वापरली.

त्या वर्षी मी गुहागर ठरवलं. समुद्र, व्याडेश्वर, अंजनवेलचा गोपाळगड, आणि राहायला मालूकाकूंचं घर. या काकू कुणाच्या तरी ओळखीतून मिळालेल्या. घरीच जेवण-राहण्याची सोय करायच्या. फोनवर बोलणं असं की पलीकडचा माणूस आपोआप सरळ बसावा. मी सगळं आखून भिशीत वाचून दाखवल्यासारखं सांगितलं: कऱ्हाडवरून कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर.

शमीम म्हणाली, अगं, त्या बाजूनं कशाला? दापोलीवरून दाभोळला उतरा आणि जेटीनं खाडी ओलांडा. बस बोटीवर चढते. तिचं माहेर दाभोळ. मग ती सांगत सुटली. पाण्यातून दिसणारी जुनी मशीद, तिचा तो घुमट. एके काळी दख्खनची माणसं हजला निघायची ती याच बंदरातून, गलबतं कशी वाऱ्याची वाट बघत पडून असायची, तिच्या आजीकडून ऐकलेलं. लहानपणी मशिदीच्या पायऱ्यांवर बसून ती कशी माणसं मोजायची. बायका पुढे सरकून ऐकत होत्या. माझ्या गोपाळगडाला कुणी असं ऐकलं नव्हतं. मीसुद्धा ऐकत होते, खोटं कशाला सांगू, फार सुंदर सांगत होती. आणि तेवढ्यात कुणीतरी थट्टेत म्हणालं, "सुनंदाताई, यंदा तुम्हाला सुट्टी. यंदा शमीमच नेईल आपल्याला."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पोटात मात्र दुखलं ते दुखलंच.

एवढ्यावर कुणी असं करतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय. वाटत राहतं की एखादं मोठं कारण सापडेल. जुनं भांडण, अपमान, काहीतरी. नाही सापडत. कारण एवढंच होतं, एवढुसं.

दोन दिवसांनी मी तिच्याकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसले, ताटातले दोन खडे काढून बाजूला ठेवले, आणि म्हटलं—मालूकाकू जरा जुन्या वळणाच्या आहेत गं. त्यांनी फोनवर सगळ्यांची नावं विचारली. तुझं नाव सांगितल्यावर म्हणाल्या, आमच्या घरात चालणार नाही.

मालूकाकूंनी नावं विचारली नव्हती. त्यांनी फक्त किती जणी, एवढं विचारलं होतं.

झालं. हेच ते.

पण नुसतं एवढं सांगून मी सुटत नाही. खोटं बोलायचंच होतं तर दुसरी हजार खोटी होती. बसमध्ये जागा नाही म्हणता आलं असतं. तिनं जागा काढली असती. तारखा बदलल्या म्हणता आलं असतं. तिनं तारखा जुळवल्या असत्या. मी हेच निवडलं, कारण शनिवार पेठेत मी तिचा चेहरा बघितला होता. हे एकच खोटं असं होतं की ते ती तपासणार नाही, मला ठाऊक होतं. ती फोन करणार नाही, वाद घालणार नाही, दुसऱ्या कुणाला विचारणार नाही. आणि सांगणारी मी होते—त्या मालकांशी भांडलेली. माझ्यावर ती अविश्वास दाखवेल कशी?

कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते की माझ्या मनात तसलं काही नव्हतं. नव्हतंही. पण म्हणून काय? रस्त्यात पडलेला दगड मी घडवला नव्हता, फक्त उचलून मारला. ज्याला लागला त्याला यात काय फरक पडतो?

शमीमचे हात ताटात थांबले. मग म्हणाली, "असू दे गं. घर त्यांचं आहे." आणि थोड्या वेळानं, "बायकांना सांगू नकोस. त्यांची सहल उगाच बिघडेल. मी सांगते, जाऊबाई येणार आहेत म्हणून." माझं खोटं तिनं स्वतःच्या हातानं झाकून दिलं. वर मला चहा केला. माझा चेहरा उतरलेला बघून म्हणाली, तू कशाला मनाला लावून घेतेस. मी तो चहा प्यायले.

निघायच्या दिवशी पहाटे ती बसपाशी आली, नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन. ड्रायव्हरला दाभोळचा उतार कुठे जपून घ्यायचा ते सांगितलं. हो, आम्ही तिच्याच रस्त्यानं गेलो. तो रस्ता चांगला होता ना. खाडीवर ऊन आलं होतं, बस खरंच बोटीवर चढली, घुमट पाण्यातून दिसला आणि बायका म्हणाल्या, सुनंदाताई, यंदाची सहल सगळ्यांत भारी आखलीत. मी मूग गिळून बसले. खरं तर बसले नाही, थँक्यू म्हणाले.

मालूकाकू माझ्या कल्पनेपेक्षा लहानखुऱ्या निघाल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात एक बाई विळीवर नारळ खवत बसली होती. काकू म्हणाल्या, ही खातून, शेजारची, हिच्याशिवाय माझं पान हलत नाही. त्या दोघींचं कुठल्याशा फणसावरून भांडण चाललं होतं आणि ते आमच्यासमोरही थांबलं नाही. मी उंबऱ्यात उभी होते.

दुपारी केळीची पानं मांडली तर एक जास्त झालं. मी आधी सांगितलेला आकडा काकूंच्या लक्षात होता. एक जण का नाही आली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिच्याकडे पाहुणे आलेत. काकूंनी आतून खातूनला हाक मारली, त्या पानावर बसवलं, आणि वाढता वाढता मला म्हणाल्या, "मग पुढल्या खेपेस त्यांना नक्की घेऊन या हो. राहून गेलं असं व्हायला नको."

बायका मोदक मोडत होत्या. मी त्या पानाकडे न बघता जेवले. काकूंच्या तोंडी मी काय घातलं होतं आणि त्या काय बोलत होत्या. तेव्हा तिथून फोन करता आला असता. गुहागरच्या नाक्यावर फोनची टपरी होती, मी स्वतः तिथून घरी फोन केला. शमीमला केला नाही.

त्यानंतरच्या कुठल्याही सहलीला शमीम आली नाही. कुणी तिला वगळलं नाही. ठिकाण ठरायच्या आधीच ती कारण सांगून टाकायची—गुडघे दुखतात, पोराची परीक्षा आहे, घरी रंगकाम काढलंय. कुणाला नाही म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही. बायका म्हणायच्या, शमीम हल्ली घरकोंबडी झालीये. तिच्या मुलानं एकदा गणपतीपुळ्याला जायचं काढलं, तर ती म्हणाली, घरगुती सोय नको, हॉटेलातच उतरू. मुलगा म्हणाला, आई, असं काही नसतं आता. ती म्हणाली, तुला माहीत नाही. तेव्हा मी तिथेच बसले होते, तिच्याच सोफ्यावर. ईदचा शिरखुर्मा खात होते.

म्हणजे बघा, मी एकदाच बोलले, पण ते वाक्य तिच्या घरात राहायला गेलं. तिनं ते मुलालाही दिलं.

तुम्ही म्हणाल, मग आत्ताच का? सांगते. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या. ती कोंढव्याला मुलाकडे, मी बोपोडीत. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिच्या नातीला दाभोळ बघायचंय. माहेरचं आता तिथे कुणी उरलेलं नाही. पोरगी आजीच्या तोंडून गलबतं ऐकून ऐकून हटून बसलीये, मशिदीच्या पायऱ्यांवर बसायचं म्हणते. शमीम लाजत लाजत म्हणाली, तू आखून दे ना, तुझ्याइतकं कुणाला जमत नाही. आणि मग म्हणाली, "राहायचं बघशील तेव्हा माझं नाव आधी सांग हं. पोरीसमोर दारातून परत फिरायला नको."

फोन ठेवल्यावर मी ओट्याशी उभी राहून रडले. त्या रडण्याचं मला फारसं कौतुक नाही. पण मग गुहागरला फोन लावला. मालूकाकू जाऊन काही वर्षं झाली. त्यांची क्षमा मागायची राहिली ती राहिलीच. आता सून सगळं बघते. मी तिला म्हटलं, तिघं जण आहेत, नाव शमीम मुकादम. आणि थांबले.

सून म्हणाली, "मासे लागतील का त्यांना? आम्ही घरात करत नाही, पण शेजारून येतात. खातूनआजीची सून करते."

बस, इतकंच. शमीमसाठी हा एक फोन मला तेव्हाही करता आला असता.

सहल मी आखलीये, आणि छान आखलीये. दापोलीवरून, दाभोळला मुक्काम नसला तरी सकाळ पूर्ण तिथे, पायऱ्यांवर हवा तेवढा वेळ, मग दुपारच्या जेटीनं पलीकडे. मुलगा, नात आणि ती. त्यात मी नाही.

उद्या कोंढव्याला जातेय. पहिल्यांदा वाटलं होतं, आधी खोलीचं सांगावं, ती खूश होईल, मग हळूच बाकीचं. माझा जुना स्वभाव. आता ठरवलंय, आधी बाकीचं. मालूकाकू असं कधीच म्हणाल्या नव्हत्या, ते मी म्हणाले होते—हे पहिलं वाक्य. ते ऐकून ती मला दार दाखवेल, किंवा काहीच बोलणार नाही. काहीही झालं तरी त्या किनाऱ्यावर तिला कुणी नको म्हटलं नव्हतं, हे तिला कळेल, आणि ती मुलासमोर, नातीसमोर त्या घरात ताठ मानेनं शिरेल.

नको म्हणणारी एकच होती, आणि ती पुण्यातली, तिच्या समोरच्या बिल्डिंगमधली.