मी वाचलेली सनद

इंटरमिजिएटला मी फारसी घेतली ती वडिलांच्या हट्टापायी. निजामाच्या राज्यात ज्याला फारसी येते त्याची कचेरीत खुर्ची ठरलेली, असं त्यांचं म्हणणं. कचेरीतून फारसी जाऊन उर्दू येऊन जमाना लोटला होता, पण ही बातमी आमच्या लिंबागणेशाकडच्या डोंगरात अजून पोचायची होती. मीही ती वडिलांपर्यंत पोचवली नाही. औरंगाबादला राहायला मिळतंय, कॉलेजात जायला मिळतंय, मग उगाच तोंड कशाला उघडा?

पहिल्याच आठवड्यात पस्तावलो. वर्गातली निम्मी मुलं घरी उर्दू बोलणारी. फारसी त्यांच्या अर्ध्या ओळखीची होती. मी मात्र फारसी वाक्य आधी उर्दूत नेणार, तिथून मराठीत आणणार, मराठीत उत्तर सुचलं की त्याच वाटेनं परत जाणार. तोवर उस्तादांची नजर पुढच्या बाकावर गेलेली असे. रोज तासाला तळहातांना इतका घाम सुटायचा की माझं पुस्तक वर्षाच्या आत कडांनी फुगलं होतं.

उस्ताद वयस्कर होते, आवाज मऊ. भाषा नुसती शिकून भागत नाही, तिची रीतही अंगी बाणवावी लागते, असं ते सांगत. कागद हाती आला तर दोन्ही हातांनी घ्यायचा. कुणी तब्येत विचारली तर आपल्या तब्येतीचं बोलायचं नाही, विचारणाऱ्याच्या मेहेरबानीचं बोलायचं. पत्र लिहायचं तर सात-आठ ओळी नुसत्या सलाम, दुआ आणि पदव्या, आणि काम शेवटी एका ओळीत, तेही लाजत लाजत. आणि ‘मला येत नाही’ हे शब्द तोंडातून कधी काढायचे नाहीत. तो उद्धटपणा. मी एकदा सरळ “नहीं आता” म्हणालो तर उस्तादांनी कानांवर हात ठेवले. म्हणाले, “बेटा, असं म्हणावं, की बंद्याची अक्कल अजून त्या दारापर्यंत पोचलेली नाही.” हे वाक्य मी लगेच पाठ केलं आणि त्याच्या जोरावर पहिली सहामाही निभावली. फारसी किती आली ते देव जाणे, पण न येणं झाकायचं कसं, ते मला चांगलं आलं.

दिवाळीच्या सुटीत घरी आलो. अर्धी वाट मोटारीनं, अर्धी बैलगाडीनं. येऊन पाहतो तो वडिलांनी गावभर करून ठेवलेलं, “आमचं पोरगं फारसी फाडफाड वाचतंय.” पारावरची माणसं मला पाहून सरकून जागा द्यायची. एकानं तर अगदी भक्तिभावानं विचारलं, “फारशीत मेंढराला काय म्हन्त्यात?” मी म्हणालो, “गोस्फंद.” तो दिवसभर सगळ्यांना गोस्फंद ऐकवत फिरला. मला तेव्हा गंमत वाटली.

भाऊबीजेला मामा आले. आईला सख्खा भाऊ नव्हता. हे तिच्या माहेरचे मेंढके, लहानपणी एका अंगणात खेळलेले, मानलेले भाऊ. दर भाऊबीजेला तीन कोस चालत यायचे. ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि मामांनी घोंगडीतून एक वेळूचं नळकांडं काढलं. त्यात लाल फडक्यात गुंडाळलेला कागद होता.

“भाचेराव,” ते म्हणाले, “आमच्या टेकडीची सनद हाय ही. आज्याच्या बापापासनं घरात हाय. दर दसऱ्याला पुजतो, पर आत काय लिवलंय ते कुनालाच ठावं न्हाई. तुमी घरचंच मानूस. वाचून दावा.”

कावून, म्हणजे का, ते वडिलांनी विचारलं, तेव्हा सगळं कळलं. मामांच्या गावच्या टेकडीवर त्यांची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या चरत आलेली. आता नव्या मोजणीत ती टेकडी तिथल्या देशमुखांनी आपल्या नावावर दाखवली होती. बीडच्या कचेरीत आठ दिवसांनी तारीख होती. देशमुखांचे कारभारी तोडीचं बोलत होते. ओढ्याच्या अलीकडची अर्धी टेकडी मामांची, पलीकडची देशमुखांची, आणि कचेरीत तसं लिहून द्यायचं. मामांचं मन त्याला तयार झालं होतं. अर्ध्या टेकडीवर कळप कसाबसा जगला असता. फक्त एकदा सनदेत काय आहे ते ऐकावं, म्हणून ते माझ्याकडे आले होते.

मी कागद रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी घेतला आणि उलगडला.

आम्ही कॉलेजात वाचायचो ती छापील फारसी, टिंब न्‌ टिंब जागेवर. हे लिखाण घाईत, हात न उचलता काढलेलं. शिकस्ता म्हणतात ते हेच, एवढं मी ऐकून होतो, पण डोळ्यांनी पहिल्यांदा पाहत होतो. टिंबांचा पत्ता नाही, एक अक्षर दुसऱ्याच्या गळ्यात पडलेलं. त्यात पन्नास-साठ दसऱ्यांची हळद आणि कुंकू. कागदाचा खालचा भाग पिवळाजर्द झालेला. मला शिक्का दिसला. वरची एक-दोन संबोधनं ओळखू आली. आणि मध्ये कुठंतरी ‘गोस्फंद’ हा शब्द असावासा वाटला. बस्स.

ओसरीत पंधरावीस माणसं जमली होती. वडील खांबाला टेकून, मिशीत हसत. आई दारात, हातात अजून ओवाळणीचं ताट. “येत न्हाई मला,” एवढंच म्हणायचं होतं. चार शब्दसुद्धा नाहीत. पण उस्तादांचं ते मऊ वाक्य इथं चाललं नसतं. कुणाची अक्कल कुठल्या दारापर्यंत, हे या माणसांना सांगून काय कळणार? आणि खरं सांगायचं तर मला ते म्हणायचंच नव्हतं. माझी इज्जत पणाला लागली होती, असं मला वाटलं.

मी घसा साफ केला आणि वाचू लागलो. पाठ केलेल्या नमुन्याच्या पत्रातल्या पदव्या एकामागून एक धडाधड म्हटल्या. लोकांनी माना डोलावल्या. मग मराठीत अर्थ सांगितला. अमुक सरकारनं खूश होऊन या घराण्याला ही टेकडी, वरच्या खडकापासून खालच्या ओढ्याच्या पलीकडपर्यंत, मेंढरं चारण्यासाठी वंशपरंपरेनं दिली आहे, आणि कुणी हरकत करू नये. मला स्वतःलाही ते ऐकायला छान वाटलं.

मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “सगळी टेकडी,” एवढंच ते म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी परत जाऊन त्यांनी भर चावडीवर, देशमुखांच्या तोंडावर सांगितलं, “अर्धी न्हाई घेत. माजी सगळी हाय. कागद बोलतो.”

हे मला दोन दिवसांनी कळलं, आणि तिथून माझं सुख संपलं.

मी मामांकडून कागद ‘नक्कल करायला’ म्हणून ठेवून घेतला होता. माळवदावर जाऊन बसायचं, मांडीवर लुगत घ्यायचा, म्हणजे शब्दकोश, आणि एकेक शब्द उकलायचा. सकाळपासून दुपारपर्यंत बसलं की दोन शब्द हाती लागायचे, आणि तिसरा लागला की पहिले दोन चुकले असं वाटायचं. ‘पाणी’ सापडलं. ‘टेकडी’ सापडली, किंवा ती टेकडी नसून कुणाची तरी पदवी होती. ज्या ओळीवर सगळं अवलंबून, ती नेमकी हळदीखाली. कदाचित मी बोललो तेच खरं असेल, असंही मनात यायचं. का नसावं? घराण्यानं इतकी वर्षं जपलेला कागद काहीतरी देत असेलच की. असं वाटलं की तासभर बरं जायचं, मग पुन्हा लुगत उघडायचा. चुलीवरचा तवा सांडशीतून पडला तरी मी दचकायचो. जेवण उतरेना. आई म्हणाली, “अभ्यासानं वाळलं लेकरू,” आणि तिनं मीठमोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली. मला तिच्या हाताखाली बसवेना.

सांगून टाकावं असं दिवसातून दहा वेळा ठरवलं. वडिलांसमोर उभा राहिलो, तर ते म्हणाले, “तारखेला तू पन जा मामाबरोबर. सायबापुढं खणखणीत वाच.” मी मान डोलावली आणि मागे फिरलो. अशा वेळी मान डोलावण्यात माझा हात कुणी धरू शकला नसता.

शेवटी एक पळवाट सापडली. बीडला एक निवृत्त मुन्शी राहत, जुने कागद वाचण्यात त्यांची ख्याती. मामांना म्हणालो, “एकदा त्यांना दाखवू. दोघांनी वाचलं म्हणजे पक्कं होईल.” मामा म्हणाले, “कावून? तुमी वाचलंय न्हवं?” पण आले.

तारखेच्या दिवशी सकाळीच मुन्शींच्या घरी गेलो. मामा बाहेर ओट्यावर थांबले, मी आत गेलो. मुन्शींनी कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि लहान मुलाचं बाळबोध वाचावं तसं सरळ वाचत गेले. मध्येच थांबून म्हणाले, “वाह! क्या लिखा है!” पुरतं वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“बेटा, ये सनद नहीं है. खत है.”

पत्र. कुठल्याशा जुन्या अंमलदारानं त्या वेळच्या देशमुखाला लिहिलेलं. आठ ओळी सलाम आणि पदव्या. नवव्या ओळीत काम. हे पत्र आणणाऱ्या मेंढक्याची मेंढरं या उन्हाळ्यापुरती तुमच्या टेकडीवरून ओढ्यावर पाण्याला जाऊ द्यावीत, आपली कृपा होईल. खाली शिक्का.

तुमच्या टेकडीवरून. मी मुन्शींना दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा तेच सांगितलं, आणि मग शिकणाऱ्या पोरावर खूश होऊन विचारलं, “तू फारसी पढता है ना? कितना अदब है इसमें, देख.”

बाहेर आलो. मामा उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची खात्री पाहून मला वाटलं, इथंच जमीन दुभंगावी. पण कचेरी उघडायला तास-दोन तास होते आणि आता लपवून भागणार नव्हतं. मी सगळं सांगितलं. पत्र काय आहे ते. आणि मी काय केलं तेही.

“म्हंजी त्या दिशी तुमी काय वाचलंत?” त्यांनी विचारलं.

“मला वाचताच आलं न्हाई, मामा.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, गुंडाळून नळकांड्यात घातला आणि कचेरीकडे चालू लागले. कारभारी तिथं लिंबाखाली बसले होते. मामांनी पटका काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि अर्ध्या टेकडीचं बोलले. कारभारी म्हणाले, “ते बोलनं गेल्या हप्त्याचं व्हतं. तू साऱ्या गावापुढं मालकाला न्हाई म्हनलास. आता कसली अर्धी?”

दुपारी निकाल झाला. टेकडी देशमुखांची. मामांच्या मेंढरांना ओढ्यावर जायची वाट तेवढी मिळाली, तीही देशमुखांच्या मर्जीनं. तहसीलदारांपुढे मामांनी नळकांडं उघडलंच नाही. मला वाचायला लागू नये म्हणून, हे मला बाहेर आल्यावर उमगलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी ती गोष्ट एकदाच काढली. “भाचेराव, त्याच दिशी येत न्हाई म्हनला असतात, तर मी अर्धी घेऊन मोकळा झालो असतो.” आवाज चढवला नाही. मी पुढे काही ऐकायची वाट पाहत राहिलो, पण त्यांनी विषय बदलला, आणि पाऊसपाण्याचं बोलू लागले. त्या महिन्यातच त्यांना निम्मी मेंढरं विकावी लागली.

घरी पोचलो तेव्हा ओसरीत पुन्हा माणसं जमली होती. निकाल ऐकून वडील खाली बसले. कुणीतरी म्हणालं, “आरं, मिळत व्हती ती अर्धी सोडली कावून? लई हेकेखोर मानूस.” आणखी दोघंतिघं हसले. मामा पटक्यानं तोंड पुसत होते. मी बोलणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात आईनं विचारलं, “दादा, पर आमच्या पोरानं वाचलं ते बराबर व्हतं ना?”

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “व्हय बाई. पोरानं बराबर वाचलं. सायबालाच वाचता आलं न्हाई.”

आईचा चेहरा उजळला. मीही मान डोलावली. त्या साली फारसीत मी पास झालो.