सुटा केलेला अ‍ॅम्प्लिफायर

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या कारखान्यात दीनानाथ शिंत्र्यांनी एकतीस वर्षं यंत्रांवर दुसऱ्यांच्या नावाच्या पाट्या ठोकल्या. रिटायर झाल्यावर गॅरेजमध्ये बसून त्यांनी स्वतःचं यंत्र केलं: हौशी रेडिओवाल्यांचा सिग्नल चारशे वॉटपर्यंत नेणारा अ‍ॅम्प्लिफायर. जगातल्या एका तरी पेटीवर आपलं नाव असावं, एवढाच हट्ट. दोन हजार चार साली त्यांच्या रेडिओ क्लबातल्या, रीडिंगच्या शशिधरनं तो विकत मागितला आणि कागलच्या या गड्याची छाती फुगली.

पण कायदा मोठा शहाणा. हौशी माणसानं स्वतःपुरतं बनवलं तर युरोपचा सुरक्षिततेचा सीई शिक्का नको. तयार पेटी विकायची तर मात्र तपासण्या, कागदांचा भारा आणि शिक्का. आणि तीच पेटी खोलून भाग विकले, की ते 'किट'. त्याला पुन्हा काहीच नको. म्हणजे चालतं यंत्र संशयित, आणि डब्यातले स्क्रू साधुसंत.

दीनानाथांनी चार महिन्यांचं काम दोन दिवसांत खोललं.

"आवो, चालतंय ते मोडताय कशापायी?" त्यांच्या बायकोनं, गिरिजाबाईंनी विचारलं.

"कायदेशीर करतोय."

"मग माळ्यावरचा टोस्टर लईच कायदेशीर म्हणायचा. दोन वर्षं सुटाच पडलाय, तुमीच खोललेला!"

शशिधर सॉफ्टवेअरमधला. हौशी रेडिओच्या लायसन्सच्या परीक्षेत पहिला, पण सोल्डरिंग आयर्न तापल्या टोकाला धरणारा.

"काका, तुम्हीच जोडून द्या ना. मला सिरियसली टाईम नाही."

"मी जोडला की पुन्हा तयार माल झाला, लेका. तूच जोडायचा."

मग तीन शनिवार दीनानाथ त्याच्या घरामागच्या काचेच्या कन्झर्व्हेटरीत हात पाठीमागे बांधून उभे.

"तांबडी वायर तिकडं न्हाई, बाबा! कोळसा हुशील!"

"काका, ओरडू नका ना, हात शेक होतो."

आपल्या नावाची पाटी दीनानाथांनी किटमध्येच घातली होती, चार स्क्रूंसकट. शशिधरला ती ऑप्शनल वाटली.

रविवारी सकाळी क्लबची रेडिओवर हजेरी. दीनानाथांच्या गॅरेजमधल्या स्पीकरवर शशिधर गरजला, "नवा अ‍ॅम्प्लिफायर! होममेड! एकूण एक जोड माझ्या हातचा!" सगळ्यांनी वाहवा केली. कायद्यानं बघितलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं.

"आता सिग्नल कसा येतोय, काका?" त्यानं विचारलं.

"खरखरतोय म्हणून सांगा की!" गिरिजाबाई दारातून फुसफुसल्या.

दीनानाथांनी माईक उचलला. सिग्नल धुतल्या काचेसारखा येत होता. त्याला नावं ठेवायला जीभच उचलेना.

"पैकीच्या पैकी," ते म्हणाले. "ज्यानं बनवलाय, त्याला अक्कल हाय."

"थँक्यू, काका," शशिधर लाजून म्हणाला.