एका देवकाची झाडं

रंगूबाईने कलम दिलं नाही असं घर वाडीत शोधूनही सापडलं नसतं. तिच्या परसातलं पपनस आत लालसर, रसाळ, जिभेला कुठे कडवटपणा नाही. पावसाळा लागला की ती पेन्सिलीएवढ्या फांदीची साल बांगडीसारखी काढायची, त्यावर ओलं शेवाळ थापायची, वरून प्लास्टिक गुंडाळून सुतळीने आवळायची. दोन महिन्यांनी मुळ्या दिसल्या की फांदी कापून ज्याला हवी त्याला. नव्या सुनेला तर मागावंही लागत नसे. एकोणीस घरांच्या परसात अशी एकोणीस झाडं उभी राहिली होती, आणि येता-जाता रंगूबाई त्यांच्याकडे नातवंडांकडे बघावं तशी बघायची.

घरच्या गणपतीवर टांगायचं पपनस तिच्याच झाडाचं असे. लग्न होऊन आल्यापासून अडतीस वर्षं त्यात खंड नव्हता. मग तो पडला. झाडं फुलली, वासाने वाडी भरली, मधमाश्या आल्या, आणि हरभऱ्याएवढी फळं टपटप गळून गेली. पुढच्या वर्षीही तेच, वाडीतल्या सगळ्याच झाडांचं. बोर्लीच्या बाजारातून पपनस आणावं लागलं. रंगूबाईने देवापुढे हात जोडून माफी मागितली, पण ते फळ स्वतःच्या हाताने टांगलं नाही.

यंदा फाल्गुनात कळ्या धरल्या तशी शेजारची केसर दारात आली.

"रंगूबाय, राग मानू नको. यंदा फळ न्हाय धरलं तर आम्ही झाड तोडणार. सगळ्याच तोडणार म्हनतात. बायका बोलतात, रंगूनं वांझ कलमं वाटली."

"बोलू दे," रंगूबाई म्हणाली. पण त्या दिवशी तिला दोन घास गेले नाहीत.

चार दिवसांनी कृषी सहायक दिनानाथ भातबियाण्यासाठी नावं लिहून घ्यायला आला. अंगणात रंगूबाईची धाकटी जाऊ ठमी वालाच्या शेंगा सोलत बसली होती. रंगूबाईने त्याला चहा दिला आणि झाडाखाली नेलं.

"काकू, ही सगळी झाडं आली कुठून?"

"या एकातून. सगळी माझ्या हातची."

"मग ती एकोणीस नाहीत. हे एकच झाड वीस परसांत उभं आहे." त्याने एक फूल तोडून पाकळ्या बाजूला केल्या. "झाडात दोन खुणा असतात, एक आईकडची, एक बापाकडची. परागाच्या कणात त्यातली एक उतरते. कण या मधल्या दांडीवर पडला की त्याला बारीक नळी फुटते, ती खाली बीजाकडे निघते. दांडी खूण ओळखते. खूण आपल्यातलीच निघाली, की नळी वाटेतच अडवते. स्वतःचा पराग तिला चालत नाही, आणि कलमाने तर खूण बदलतच नाही."

रंगूबाईने फूल हातात घेऊन निरखलं. "म्हंजे समद्यांचं देवक एकच."

"अगदी."

"आमच्यातबी देवक एक निघालं की सोयरीक मोडते." देवाने झाडालासुद्धा एवढी रीतभात शिकवली, याचं तिला मनातून बरं वाटलं. "पन मग अडतीस वर्षं फळं कशी धरली?"

"जवळ दुसरं पपनस असणार. वेगळं."

ठमी शेंगा सोलायची थांबली नाही.

"होतं की," ती म्हणाली. "आंबट."

सासूने दोन्ही झाडं जोडीने लावली होती. वाटणीत गोड थोरल्याकडे गेलं, आंबट धाकट्याकडे. सासू असेपर्यंत त्या आंबटाला कुणी कोयता लावू शकलं नाही. ती गेल्यावर मात्र रंगूबाईच ठमीच्या मागे लागली होती, की तुझ्या आंबटाचं वारं लागून माझी फळं बिघडतील. न्हाणीघर बांधायचं निघालं तेव्हा ठमीने ते तोडलं. त्या झाडाच्या बदल्यात रंगूबाईने तिला आपलं कलम दिलं होतं. रंगूबाई ठमीपाशी जाऊन बसली.

"ठमे, चुकलं माझं."

"चुकलंच," ठमी म्हणाली. मग शेंगांचं सूप बाजूला सारून, "आमच्या पूनमनं त्याची बी बोर्लीला नेलीती. सासरच्या परसात मोठं झाड झालंय. फुललंय पन."

"बियांचं झाड ना? मग चालेल," दिनानाथ म्हणाला. "त्याच्या निम्म्या परागांत तरी आंबटाची खूण असणारच. तेवढी पुरे."

"येतेस माझ्यासंगं?" रंगूबाईने जावेला विचारलं.

"येते. पन पूनमच्या दारात आंबट हा शब्द काढायचा न्हाय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने दोघी गेल्या आणि नुकती उमललेली फुलं डब्यात भरून ऊन चढायच्या आत परत आल्या. रंगूबाईने झाडाच्या बुंध्याला हळद-कुंकू लावलं.

"मी मुलाकडची," ठमी म्हणाली. "मला आधी पानी इचार."

"पानी घे, गूळ घे, पन हात चालव."

बोर्लीच्या फुलातला पिवळा पराग त्यांनी इथल्या फुलाच्या चिकट दांडीवर हलकेच घासला आणि हात लागला त्या देठाला लाल धागा बांधला. मग केसरचं झाड, मग बाकीची, डबा रिकामा होईपर्यंत. केसर पुढल्या दारात बसून हसत होती. महिन्याभरात बिनधाग्याची फळं झडली आणि धाग्यांजवळची लिंबाएवढी झाली, तेव्हा तिनेच घरचा कोयता माळ्यावर टाकला.

भाद्रपदात रंगूबाईने सगळ्यांत मोठं फळ स्वतः गणपतीवर टांगलं. दुसरं फोडून पहिली फोड ठमीच्या हातावर ठेवली.

ठमीने चावून पाहिलं. "गोडच हाय की. माझं वारं लागून बिघडलं न्हाय ते."

न्हाणीघरामागे आता पूनमकडून आणलेलं बियांचं रोप हातभर वाढलंय. परवा वाडीतल्या स्वराजची नवी बायको प्राप्ती कलम मागायला आली, तर रंगूबाईने तिला पायरीवरूनच परत फिरवलं.

"आधी ठमीकडं जा. तिच्याकडची बोर्लीच्या झाडाची बी घे, लाव, मग माझ्याकडं ये. एकटं कलम मी देत न्हाय."