दाजींच्या डोळ्यातले थेंब

आमच्या इंद्रजीतदाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, शुगर होऊन बरीच वर्षं झाली. अक्कल मात्र आली नाही. देवगाव रंगारीत चार तुकडे जमीन काय आहे, माणूस स्वतःला सुभेदारच समजतो. पथ्य नाही, गोळ्यांचा पत्ता नाही, अन् वर फुशारकी, "आपली नजर म्हंजे घारीची!"

त्या दिवशी ताईनं हातापाया पडून त्यांना औरंगपुऱ्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. मी सोबत होते. बाहुल्या मोठ्या व्हायला थेंब घातले. बाकीचे पेशंट डोळे मिटून गप पडले, अन् हे मोठमोठ्यानं पेपर वाचत बसले. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून पाहिलं.

"जुन्या शुगरमुळं बाहुली लवकर उघडत नाही. परत घालू. थांबा, आतला पडदा बघायचाय."

"ऐकलं का? औषधसुद्धा हरलं आपल्याफुडं!" दाजींनी मांडीवर थाप मारली. दुसऱ्यांदा थेंब पडले न पडले तोच उठले. त्यांच्या पोरासाठी, शिवमसाठी, गारखेड्यात मुलगी बघायची होती ना! पडदाबिडदा गेला खड्ड्यात.

रिक्षातच डोळे चोळायला लागले. उशिरा का होईना, औषध चढलं होतं. पण कबूल करतील तर दाजी कसले!

मुलगी विशाखा, बँकेत नोकरीला. चहा झाला अन् दाजींनी त्यांच्या घराण्याची ती भिकार रीत काढली. मुलीची नजर तपासायला तिला सुईत दोरा ओवायला लावायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विशाखानं पहिल्याच खेपेत दोरा ओवला अन् सुई दाजींपुढं धरली.

समोरच्या खिडकीतून ऊन येत होतं. दाजींनी डोळे बारीक केले, मान मागं नेली.

"दोरा कुठंय? पोरीची नजर अधू हाय."

अहो, दोरा चांगला हातभर लोंबत होता! ताई हळूच म्हणाली, "थेंबांमुळं तुम्हालाच दिसत नसंल."

"तू गप बस!" दाजी खेकसले.

विशाखा शिवमकडं वळली. "तुम्हाला दिसतो का?"

शिवमचे डोळे ठणठणीत. त्यानं दोऱ्याकडं पाहिलं, मग बापाकडं.

"पप्पा म्हणतात तर नसंल."

शी! असल्याला भाचा म्हणायची लाज वाटली मला.

"त्यांच्या डोळ्यात निदान औषध तरी आहे," विशाखा त्याला म्हणाली. "तुमच्या डोळ्यात काय आहे?"

अन् चहाचे कप उचलून ती आत निघून गेली.