बंदुकीच्या परवान्याची चौकशी

शॉटगनच्या स्पर्धांची गोडी मला ऑफिसमधल्या एका सीनियर जपानी सहकाऱ्याने लावली. सुरुवात खेळण्यातल्या बंदुकीने झाली. टोकियोत एदोगावातल्या आमच्या घरापासून जवळच एका तळघरात त्याचा क्लब होता. आडोशाआडून धावत लोखंडी पाट्या पाडायच्या आणि धावता धावताच कमरेच्या पट्ट्यातली काडतुसं बंदुकीत भरायची. माझा नेम बरा होता, पण भरताना बोटं अडखळायची. म्हणून घरी ओट्यापाशी उभा राहून सराव करायचो. मुलगी मोबाइलवर वेळ लावायची आणि किती हळू, म्हणून जपानीत सुनवायची. बायको हसत खाली पडलेली काडतुसं उचलून द्यायची.

पुढे खरी बंदूक घ्यावीशी वाटली. त्या बंदुकीने इथे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्याच फोडता येतात, आणि त्यालाही पोलिसांचा परवाना लागतो. वर्ग, लेखी परीक्षा, डॉक्टरांचा दाखला, सगळं झालं. राहिली ती घरच्यांची चौकशी.

एका शनिवारी सकाळी पोलिस अधिकारी आला. बायकोशी एकटीशी बोलायचं म्हणाला, तेव्हा मी मुलीला घेऊन आतल्या खोलीत बसलो. सरकत्या दारातून सगळं ऐकू येत होतं. नवरा चिडतो का, पितो का, भांडणं होतात का? तिने सगळ्याला नाही म्हटलं. मग त्याने विचारलं, पुढेही तिघं इथेच राहणार ना?

"मार्चपर्यंत," ती जपानीत म्हणाली. "मग मी मुलीला घेऊन पुण्याला जाणार आहे. परत येणार नाही."

तिचं जपानी माझ्यापेक्षा चांगलं. मला वाटलं, माझीच समजण्यात चूक झाली. मी मुलीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. तिला माहीत होतं.

अधिकारी गेल्यावर बायको म्हणाली, त्याच्याशी खोटं बोलवेना, आणि तुला सांगायला कित्येक दिवस जमत नव्हतं. माझं काय चुकलं, असं मी विचारलं.

"तू काही केलं नाहीस," ती म्हणाली. "मला इथे फार एकटं वाटतं. तू घरात असलास तरी."

दोन-चार दिवसांनी त्या अधिकाऱ्याचा फोन आला. घरात एवढा बदल होत असताना अर्ज मागे घेतलेला बरा, असं त्याने हळुवारपणे सुचवलं. मी घेतला. मार्चमध्ये दोघींना विमानतळावर सोडलं. मुलगी आत जाईपर्यंत वळून वळून पाहत होती.

एप्रिलमध्ये क्लबमध्ये माझी पहिली स्पर्धा झाली. एकही काडतूस खाली पडलं नाही. नंबर मधलाच आला, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सहकाऱ्याने विचारलं, घरचे नाही आले? तोवर मी कुणालाच काही बोललो नव्हतो. त्याला जपानीत सगळं सांगून टाकलं. त्याने माझी बॅग उचलली आणि स्टेशनपर्यंत माझ्याबरोबर चालत आला.

आईबाबांना मराठीत सांगायचं मात्र अजून राहिलंय.